चौथ्या रांजणाची तार

जरा डोळे मिटा. तुमच्यासमोर एक मातीचा रांजण आहे असं समजा. उंचीने तुमच्या छातीला लागेल एवढा. तोंडावर स्वच्छ फडकं घट्ट बांधलेलं, आणि पोटाला हात लावला तर किंचित ऊब. आता त्या पोटाला कान लावा. काही ऐकू येतं? पहिल्यांदा काहीच येणार नाही. घाई करू नका, श्वास सावकाश घ्या. हं, आता येईल. तापल्या तव्यावर चिमूटभर मीठ टाकलं की तडतडतं ना, तसं काहीतरी, पण फार लांबून आल्यासारखं आणि न थांबणारं.

नायदा रोज शाळेला जाण्याआधी असा कान लावायची. ती दहा वर्षांची होती आणि तिचं गाव वाय्यापाता. उरुबांबा नदी खाली, बर्फाचा डोंगर वर, आणि मध्ये मक्याच्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांत हे गाव. रांजण तिच्या आत्याचे होते, आणि त्यांत चिचा आंबत असायची. चिचा म्हणजे मोड आलेल्या मक्याची घरची बिअर. गावात ती घरोघरी होई, पण होनोराता आत्याच्या चिचेचं नाव वेगळं होतं. रांजण संपला की तळाशी दाट, पांढुरका गाळ उरतो. तोच पुढच्या रांजणाचं विरजण. कुणाचं विरजण मेलं, बिघडलं, की बायका रिकामा तुंबा घेऊन आत्याच्या दारात येत. विरजण मागणारीला रिकाम्या हाताने पाठवायचं नाही, अशी तिथली रीत. आत्याने ती कधी मोडली नव्हती.

नायदाला हे सगळं शिकवायचं आत्याने ठरवलं, तेव्हा ती जेमतेम सात वर्षांची होती. आत्या उत्तर कधी आधी सांगायची नाही. रांजणापुढे उभं करायची आणि विचारायची, काय दिसतं? काय ऐकू येतं? वास कशाचा? नायदा चुकली तर म्हणायची, पुन्हा बघ. उत्तर बरोबर आलं तरी म्हणायची, पुन्हा बघ.

एकदा चुलीवरचं मोठं भांडं रटरटत असताना आत्याने तिला जवळ बसवलं.

"उकळी आली की घर रिकामं होतं," ती म्हणाली. "मक्यावरचे, पाण्यातले, माझ्या हातावरचे, सगळे न बोलावलेले पाहुणे पळून जातात. मग आपण भांडं उतरवतो. घर रिकामं, दार सताड उघडं, आत गोडाधोडाचं वाढून ठेवलेलं. आता सांग, आत आधी कोण शिरेल?"

"आपलं विरजण."

"आपण वेळेवर घातलं तर. नाही तर?"

नायदाने विचार करून सांगितलं, नाही तर जो दाराशी उभा असेल तो.

यावरून आत्याचा सगळा कायदा निघाला होता. उकळीच्या आधी मक्याला अख्ख्या गावाने हात लावला तरी तिची हरकत नसे. उकळीनंतर मात्र वाऱ्यानेसुद्धा तिला विचारून यावं, असं ती म्हणे. गाळणीची टोपली, तिच्या तळाशी अंथरायचं डोंगरी गवत, ढवळायचा दांडा, तुंबा, फडकं, जे जे उकळीनंतर रसाला लागणार ते ते त्याच दिवशी राखेने घासलेलं आणि उन्हात कडक वाळलेलं हवं. रांजणाला साबण लावायचा नाही. माती साबण पिते, आणि मग वर्षभर त्याचा वास परत देते.

बिघाड ओळखायलाही आत्याने असंच सावकाश शिकवलं. कुणाच्या घरी रांजण बिघडला की ती त्यातलं तुंबाभर मागून आणायची आणि अंगणाच्या पार पलीकडच्या भिंतीवर ठेवायची. नायदाने तिथे जायचं, हुंगायचं, परत येताना हात धुवायचे आणि मगच सांगायचं. आंबट म्हणजे बिघडलं नव्हे, चिचा आंबटच असते. पण नाकात झोंबणारा शिरक्याचा आंबटपणा वेगळा, आणि खवट लोण्याचा वास त्याहून वेगळा. पांढरा फेस चांगला, वर धरलेली सुरकुतलेली पातळ सायही एक वेळ चालेल; पण हिरवे-काळे केसाळ ठिपके दिसले की रांजण गेला. आणि सगळ्यांत लपूनछपून येणारा दोष म्हणजे तार. त्याला वास नसतो, रंग नसतो. सोललेली काडी बुडवून वर उचलायची. थेंब सुटे पडले तर ठीक. निवडुंगाचं पान कापल्यावर चिकट रस लोंबतो तशी काडीला तार लोंबली, तर त्या रांजणात भलतंच कुणीतरी घर करून बसलेलं असतं.

काड्याही ज्या त्या रांजणाच्या वेगळ्या. पाहायचं ते आधी निरोगी रांजणात, आणि ज्याचा संशय असेल त्यात शेवटी.

यंदा पाट उपसण्याच्या दिवशी चिचा द्यायची पाळी आत्याच्या घरावर आली. बर्फाचं पाणी ज्या पाटाने शेतांत येतं, तो पेरणीच्या आधी गावाने मिळून साफ करायचा, घरटी एक फावडं. साठ फावडी म्हणजे चार रांजण. पाटकरी सेनोबियो हे गावातलं वडीलधारं माणूस, त्यांना सगळे ताय्ता म्हणत. त्या दिवशी प्रत्येक रांजण उघडण्याआधी ते मोठ्याने विचारत, हा कुणाच्या हातचा? जिने केला तिने उभं राहून नाव सांगायचं, मग पहिली धार धरणीमातेला, पाचामामाला, आणि मग माणसांना.

आत्याने जाहीर करून टाकलं की तीन रांजण माझे आणि चौथा नायदाचा. इतकी लहान मुलगी नाव सांगायला आजवर उभी राहिली नव्हती. शिवाय एखाद्या मुलीचा पहिला रांजण संपला की गावातल्या बायका त्यातला चमचा-चमचा गाळ घरी विरजणाला नेत, कारण नव्या हाताचं विरजण चपळ असतं, असा त्यांचा समज. म्हणजे नायदाचा रांजण घरोघरी जाणार होता. ती आठवडाभर ताठ मानेने चालत होती. शाळेत तर तिने हे सगळ्यांना सांगितलंच, पण न विचारणाऱ्या दोन मास्तरांनाही सांगितलं.

नळावर बासिलियाकाकूने तिला गाठलं. बासिलिया आत्याच्या वयाची, जिभेने तिखट आणि चिचेच्या बाबतीत दुर्दैवी. गेल्या दोन वर्षांत तिचे तीन रांजण तार धरून वाया गेले होते, आणि तिन्ही वेळा विरजण आत्याकडचं होतं. होनोराताच्या विरजणातच खोट आहे, असं ती नळावर बोलून गेली होती. आत्याने उत्तर दिलं नव्हतं. पण तो विषय निघाला की आत्या हातातलं भांडं गरजेपेक्षा जास्त वेळ घासायची, हे नायदाने पाहिलं होतं.

"काय गं," बासिलियाकाकू बादली भरता भरता म्हणाली, "तुझ्या रांजणातून काय निघणार? चिचा की दुधाचे दात?"

"दोन्ही निघतील, काकू," नायदा म्हणाली. "तुम्हाला काय वाढू?"

नळावरच्या बायका हसल्या आणि बासिलियाकाकूही हसली, पण जरा उशिराने.

चिचा करायच्या दिवशी आत्याने सकाळपासून तीन भांडी उकळली, गाळली, निववली, विरजली. दुपारी ताय्ता सेनोबियोंकडे पाटाची बैठक होती. निघताना तिने नायदाकडे पाहिलं आणि सांगितलं की चौथं भांडं तुझं, पहिल्यापासून शेवटपर्यंत तुझं, मी त्यात नाक खुपसणार नाही.

नायदाने सगळं शिकल्याप्रमाणे केलं. मोड आलेल्या मक्याचा भरडा घातला, ढवळला, फेस काढला, लाकूड कमी पडू दिलं नाही. रस गोड, दाट, मधाच्या रंगाचा झाला. तिने भांडं उतरवलं, टोपली रांजणावर ठेवली आणि गवत घ्यायला वळली, तर गवत नव्हतं. सकाळच्या तीन रांजणांना ते सगळं लागलं होतं. चार भारे आणायला तिलाच सांगितलं होतं. उतार घसरडा होता म्हणून ती तीनच घेऊन आली होती, आणि वाटलं होतं, पुरेल.

गवत वर कड्यापाशी. जायला एक तास, यायला एक तास. तोवर ऊन उतरणार आणि रस गार पडणार. नायदा अंगणात जाऊन आली, पडवीत पाहून आली, पुन्हा स्वयंपाकघरात आली. रस आता नुसता कोमट राहिला होता.

चुलीच्या मागच्या कोपऱ्यात गिनिपिग होते. ते सगळ्यांच्याच स्वयंपाकघरात असतात, तिथे ऊब असते आणि भाजीची देठं मिळतात. त्यांच्यासाठी टाकलेल्या गवताचा ढीग कोपऱ्यात होता. खालचं गवत तुडवलेलं, ओलसर, पण वरचं सोनेरी, कोरडं, परवाच टाकलेलं. एक गिनिपिग त्यावर बसून तिच्याकडे बघत होता. नायदाने त्याला हळूच बाजूला केलं. वरचं मूठभर गवत उचललं, झटकलं, नाकाशी धरलं. गवताचाच वास होता. तिने आणखी दोन मुठी घेतल्या, टोपलीत अंथरल्या आणि कोमट रस त्यातून गाळला. रस अगदी स्वच्छ उतरला. मग विरजण घातलं, फडकं बांधलं.

आत्या संध्याकाळी आली तेव्हा तिने फक्त विचारलं, झालं का? नायदा म्हणाली, झालं. गवताचं कुणी विचारलं नाही आणि कुणी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिन्ही रांजण बोलायला लागले. चौथा गप्प होता. नायदाने स्वतःची समजूत घातली की तो उशिरा विरजला, म्हणून उशिरा बोलेल. संध्याकाळी तो बोललाही, पण तडतड नव्हती. चिखलातून बुडबुडा यावा तसं एकदा, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा एकदा. आत्या शेजारच्या रांजणापाशी होती. तिने मान वळवूनही पाहिलं नाही, कारण तसं तिने कबूल केलं होतं. उलट ती फडकी ठीक करताना गुणगुणत होती. दिवसभर जो भेटेल त्याला ती सांगून आली होती की पोरीने एकटीने केला, मी बोटसुद्धा लावलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी, पाटाला एकच दिवस उरला असताना, नायदा चार सोललेल्या काड्या घेऊन रांजणांपाशी गेली. पहिल्यातून थेंब सुटे पडले. दुसऱ्यातून, तिसऱ्यातूनही. चौथ्याचं फडकं सोडलं तर फेस पांढरा होता, वास वाईट नव्हता. तिने काडी बुडवली आणि वर उचलली. थेंब पडला नाही. तो लांबत गेला, बोटभर, वीतभर, आणि उजेडात चकाकत तसाच लोंबत राहिला.

तिने काडी खाली ठेवली नाही. खूप वेळ ती तशीच धरून उभी होती.

तुम्ही तिच्या जागी असता, तर तुमच्याही मनात तेच आलं असतं जे तिच्या आलं. ही तार फक्त मी पाहिली आहे. उद्या चौथा रांजण शेवटी उघडणार, तोवर लोकांचे तीन रांजण पिऊन झालेले असतील, कुणाला कळणार आहे? नाव पुकारतील, मी उभी राहीन, आणि संपेल. पण संपणार कुठे होतं? त्यानंतर बायका तुंबे घेऊन येणार होत्या. तळाचा गाळ चमचा-चमचा उचलून घरोघरी नेणार होत्या. आज जी तार एकाच घरातल्या एका रांजणात होती, ती पुढच्या महिन्यात सगळ्या गावाच्या रांजणांत असती.

नायदाने फडकं बांधलं, काडी चुलीत टाकली, हात राखेने धुतले आणि अंगणात जाऊन आत्याला सांगितलं.

आत्या मका पाखडत होती. तिचं सूप थांबलं. ती ओरडेल म्हणून नायदाने खांदे आवळून घेतले होते, पण आत्याने नेहमीच्याच आवाजात विचारलं, काय दिसलं? नायदाने सांगितलं. काय ऐकू आलं? तेही सांगितलं. आणि मग आत्याने विचारलं, कशामुळे? तेव्हा नायदाने कोपऱ्यातल्या गवताचंही सांगितलं.

"रस उकळता होता तेव्हा?"

"कोमट."

आत्याने सूप पुन्हा उचललं. मग एकदम तिचा चेहरा बदलला. "त्या काडीने माझ्या रांजणात पाहिलंस?"

"नाही. चार काड्या होत्या. तुझे आधी पाहिले, माझा शेवटी."

आत्याने सुपातला मका एकदा वर उडवला आणि झेलला. तिचे खांदे सैल झाले.

त्यांनी दोघींनी मिळून रांजण घराच्या खालच्या अंगाला, राखेच्या खड्ड्यापर्यंत सरकवत नेला. आत्याने तो तिरका केला, पण ओतायला नायदालाच लावलं. चिचा खड्ड्यात पडताना पाण्यासारखी खळाळली नाही, ती पाकासारखी घसरत गेली. टोपली, गवत, दांडा जाळून टाकलं. रांजणात उकळतं पाणी आणि राख भरली, तो दोनदा घासला आणि उन्हात उपडा घातला. मातीत काय मुरलं असेल ते सांगता येत नाही, आत्या म्हणाली, यंदा त्यात सुका मकाच ठेवायचा.

आणि मग, हात पुसता पुसता, नायदाकडे न बघता, आत्या म्हणाली, "उद्या विचारलं तर वाटेत फुटला म्हणू."

नायदाला आधी नीट ऐकू आल्याचंच वाटेना. आत्या कधी खोटं बोलत नसे.

"आपल्या घरात रांजण बिघडला म्हटलं की बासिलिया काय म्हणणार ते ठरलेलं आहे," आत्या म्हणाली. "विरजणातच खोट. दोन वर्षं ऐकतेय मी. माझ्या आईचं विरजण आहे ते."

नायदा उपड्या रांजणापाशी बसली. तिला रडू येत होतं, पण त्याच वेळी डोक्यात काहीतरी टोचतही होतं, हिशेब चुकल्यावर टोचतं तसं. तिने बोटं मोजायला सुरुवात केली.

"आत्या, मका चारही रांजणांना एकच होता ना?"

"एकच."

"पाणी एकाच झऱ्याचं. आणि विरजण?"

"विरजण एकाच तुंब्यातलं."

"मग विरजणात खोट असती तर चारही रांजणांना तार सुटली असती. तीन चांगले आहेत. एकाच रांजणाचं गवत वेगळं होतं."

आत्याने हात पुसायचे थांबवले. ती नायदाकडे पाहत राहिली, आणि मग येऊन तिच्या शेजारी जमिनीवरच बसली.

"मी सोळा वर्षांची असताना मला तार दिसली होती," ती म्हणाली. "मी काडी पुसली आणि ठेवून दिली. कुणाला सांगितलं नाही. आजच सांगतेय." तिने नायदाच्या केसांतला मक्याचा कोंडा काढला. "उद्या नाव तुझं पुकारतील. काय सांगायचं ते तू ठरव. मी त्यात नाक खुपसणार नाही, असं म्हटलंय ना मी?"

दुसऱ्या दिवशी तीन रांजण गाढवांवरून पाटापर्यंत गेले. सकाळभर फावडी चालली. गाळ निघाला, दगड निघाले, कुणाची तरी गेल्या वर्षी हरवलेली चप्पल निघाली आणि ती कुणाची यावर बराच वाद झाला. दुपारी उकडलेला मका, चीज आणि ठेचलेली मिरची समोर आली आणि माणसं पाटाच्या काठावर ओळीने बसली. ताय्ता सेनोबियोंनी पहिला रांजण उघडला. कुणाच्या हातचा? आत्या उभी राहिली. दुसरा, पुन्हा आत्या. तिसरा, पुन्हा आत्या. तिन्ही वेळा पहिली धार जमिनीला गेली, मग तुंबे हातोहात फिरले. यंदा फार झकास उतरली आहे, असं म्हाताऱ्यांनीही म्हटलं, आणि ते सहसा काही म्हणत नाहीत.

मग ताय्तांनी इकडेतिकडे पाहिलं. चौथा कुठे आहे, पोरीचा?

सगळ्या माना वळल्या. बासिलियाकाकू पलीकडच्या काठावरून म्हणाली, "वाटेत फुटला की काय?"

नायदा आत्याच्या बाजूला बसली होती. आत्याने तिच्याकडे पाहिलं नाही. ती समोर पाटाकडे पाहत होती, पण तिचा हात नायदाच्या पाठीवर होता. तो हात ढकलतही नव्हता आणि धरूनही ठेवत नव्हता. नायदा उभी राहिली.

"फुटला नाही," ती म्हणाली. "त्याला तार सुटली. मी ओतून दिला."

माना अजून तिच्याकडेच वळलेल्या होत्या. तेव्हा तिला कळलं की अजून सांगायचं राहिलं आहे, आणि तिने भराभर सांगून टाकलं. गवत संपलं होतं. वर जायचा कंटाळा केला. गिनिपिगांच्या ढिगातलं वरचं गवत घेतलं, ते स्वच्छ दिसत होतं. रस कोमट झाला होता, त्यामुळे जे आलं ते आत राहिलं. मका, पाणी, विरजण सगळं तेच होतं, जे या तीन रांजणांत आहे. "हे तीन तुम्ही आत्ता प्यालात," ती शेवटी म्हणाली. "त्यांना काही झालेलं नाही. म्हणजे विरजण चांगलं आहे."

ओळीतून एक म्हातारा म्हणाला की म्हणजे यंदा पाट उपसायला गिनिपिगांनीही हातभार लावायचा ठरवला होता. सगळे हसले. नायदाचे कान लाल झाले, पण ते हसू बोचरं नव्हतं. तिला तेवढं ओळखता येत होतं.

ताय्ता सेनोबियो मात्र हसले नव्हते. ते उठले, अंगावरचा पोंचो नीट केला आणि नेहमी विचारतात तसंच मोठ्याने विचारलं, "चौथा रांजण कुणाच्या हातचा?"

नायदा गोंधळली. रांजण तर नव्हता. तिने आत्याकडे पाहिलं. आत्याने हनुवटी किंचित वर केली.

"नायदा वाय्काच्या हातचा," ती म्हणाली.

"इतरांच्या रांजणातली पहिली धार धरणीला जाते," ताय्ता म्हणाले. "या पोरीचा अख्खा रांजण गेला. धरणीमाता यंदा आपल्याला विसरायची नाही." आणि त्यांनी स्वतःचा तुंबा तिच्या दिशेने उंचावला. मग साठ तुंबे वर झाले. आत्या रडत नव्हती. ती कधीच रडत नसे. ती फक्त ताठ बसली होती, आणि आठवडाभर नायदा जशी मान ताठ करून चालत होती, तशी आता तिची मान होती.

रांजण रिकामे झाले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. बायका विरजण घ्यायला आत्याभोवती जमल्या. आत्या तुंब्यातुंब्यात गाळ ओतत होती. नायदा तिच्या शेजारी उभी राहून प्रत्येकीला विचारत होती, तुंबा राखेने घासला आहे ना, उन्हात वाळवला आहे ना, आणि बायका हो बाई, हो गं बाई म्हणत तिला दाखवत होत्या.

बासिलियाकाकू आली नाही. ती पलीकडच्या काठावर एकटी बसली होती. शालीखाली तुंब्याचा फुगवटा दिसत होता, म्हणजे तिने तो आणला होता. ती आपल्या पायांकडे बघत होती आणि मधूनच काहीतरी आठवल्यासारखी कपाळ चोळत होती. तिच्याकडे कुणी बघत नव्हतं. नायदाने पाहिलं.

तिने आत्याच्या हातातून एक भरलेला तुंबा घेतला, त्यावर स्वच्छ फडकं बांधलं आणि पाटाच्या कोरड्या तळातून, दगडांवर पाय ठेवत, ती पलीकडे गेली. काकूच्या शेजारी बसली, तुंबा तिच्या पुढ्यात ठेवला. मग तिने तोंड काकूच्या कानाशी नेलं आणि दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू विचारलं,

"काकू, तुमच्याकडे गाळणीचं गवत कुठे ठेवता?"